मोठी चित्रं दोनच

"सात तयार," भावोजी म्हणाले. बटणरावाने सात नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. "सात घे." त्याने बटण दाबलं आणि पाण्यात झेपावणाऱ्या आठ मुली घरोघरच्या पडद्यांवर गेल्या.

बटणराव हे काही त्याचं नाव नव्हे. पण बावीस वर्षं बटणं दाबणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि या खोलीतले दिग्दर्शक. कोणतं चित्र दाखवायचं ते त्यांनी सांगायचं, दाखवायचं त्याने. नोकरीही त्यांनीच लावून दिली होती, आणि वर्षातून दोनदा ते ही आठवण न चुकता करून देत.

तलावाभोवतीच्या सोळा कॅमेऱ्यांची चित्रं नेटवर्कच्या तारेतून येत. सगळी एकदम मोठी उघडली की जुनं यंत्र धापा टाकायचं. कंपनी नवं घ्यायला निघाली, तेव्हा बटणरावाने डोकं लढवलं. मोठी चित्रं दोनच ठेवायची, एक चालू असलेलं आणि एक त्याच्या पुढचं. बाकीची चौदा बोटाएवढी. अंथरूण पाहून पाय पसरायचे, इतकंच. फक्त पुढचं चित्र मोठं व्हायला एक सेकंद लागे; त्याआधी दाखवलं तर ते फुटे. म्हणून आधी 'तयार', मग 'घे'. सात वर्षांत एकही चित्र फुटलं नव्हतं.

आज मुख्य कचेरीतले साहेब पाठीशी उभे राहून बघत होते. आजचा दिवस निभावला तर यंत्र राहणार होतं आणि त्यावरचा माणूसही. नाहीतर सगळं काम मुख्य कचेरीत जाणार होतं, नव्या यंत्रावर आणि नव्या माणसांकडे.

शेवटची शर्यत. दोन मुली बरोबरीने भिंतीकडे येत होत्या.

"बारा तयार," भावोजी म्हणाले. त्याने बारा उघडलं.

"चार घे."

बावीस वर्षांची सवय. डोक्याआधी बोट गेलं. चारचं बोटाएवढं चित्र अख्ख्या पडद्यावर ताणलं गेलं. नुसते चौकोन. सेकंदाने ते स्वच्छ झालं, तोवर एका मुलीने भिंतीला हात लावून शर्यत जिंकली होती आणि ते कोणालाच दिसलं नव्हतं.

साहेबांनी फायलीतून एक कागद काढला. "तुम्ही लिहिलंत ते खरं निघालं," ते भावोजींना म्हणाले. "ऐन निकालाच्या वेळी चित्र फुटेल. सोमवारचं पत्र आहे हे. मुख्य कचेरीतला नवा कक्ष तुम्हीच सांभाळा आता."

सोमवारी रात्री बटणराव ताईकडेच जेवायला होता. "काळजी करू नकोस, मी आहे ना," असं भावोजी हात धुताना म्हणाले होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"पण चूक नक्की कोणाची?" साहेबांनी विचारलं. "तुमच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग होतं ना?"

"होतं," बटणराव म्हणाला.

"ऐकू या?"

भावोजींच्या हातातली पेन्सिल थांबली. 'चार तयार' त्यात कुठेच नव्हतं. ते एकदा ऐकलं की भावोजींची नोकरी गेलीच, आणि ताईचं घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालत होतं.

"नको साहेब," तो म्हणाला. "बोट माझंच पडलं."

बक्षीस समारंभ बाकी होता. त्याने भावोजींच्या सूचना ऐकायचे हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवले. भावोजी "तीन तयार" म्हणाले, मग "सहा तयार" म्हणाले, मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्याने सगळा समारंभ आपल्या नजरेने दाखवला. एकही चित्र फुटलं नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "आटोपलं का रे? दोघांची पानं वाढू ना?"

"भावोजींचं वाढ."

"आणि तुझं?"

"माझं नको, ताई."

"का रे, बरं नाही का?"

भावोजी गाडीची किल्ली घेऊन दारात थांबले होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बरा आहे. टेबलाचा खण रिकामा करायचाय."

"मग उद्या कर की ते."

"नाही ताई, आजच करतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.