आभाराचे चार शब्द

काजलचा पाय थांबत नव्हता. खुर्चीखाली तो नुसता हलत होता, आणि हातातल्या आभाराच्या कागदाची घड्या घालून घालून पार चिंधी झाली होती.

समारंभ ऑनर्सचा होता. हिंगणघाटच्या त्या कॉलेजात चौथ्या वर्षाचा हा अभ्यास आजवर फक्त वाणिज्यवाल्यांना मिळायचा, यंदा वनस्पतिशास्त्रालाही मिळाला. एवढ्यावर मांडव, शाली, श्रीफळं सगळं आलं. आपल्याकडे नळाला पाणी आलं तरी सत्कार लागतो.

काजलला ते वर्ष जिवापाड हवं होतं. सिंदीला कापडाचं दुकान चालवणारे तिचे बाबा, मधुकरराव, मात्र अडून बसले होते. "तीन वर्सं शिकली, आता चवथं कशाले?" बरीच मनधरणी झाली तेव्हा म्हणाले, "पाहुणा काय म्हणते ते आयकतो, मंग सांगतो." म्हणून आज ते दुसऱ्या रांगेत येऊन बसले होते.

आणि पाहुणे कोण, तर कापसाच्या जिनिंग मिलवाले धनंजयराव. कॉलेजचे माजी विद्यार्थी, देणगीला हात सैल, म्हणजे झालं. यांनी पदवी पुरी केली होती का, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

"म्या दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलं," धनंजयराव माइकवर सांगून मोकळे झाले. "काई अडलं नाई. शिकत काय बसता पोरहो, कामाले लागा."

टाळ्या पडल्या. प्राचार्य हसत राहिले, दुसरं करणार काय. सगळ्यात जोरात टाळ्या मधुकररावांच्या होत्या. काजलनं ते पाहिलं. मग चहाच्या वेळचं या पाहुण्यांचं बोलणं आठवलं आणि तिचा नुसता संताप संताप झाला.

शेवटी लोक खुर्च्या सरकवायला लागल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या रीता मॅडमनी तिचं नाव पुकारलं. प्राचार्य, मांडववाले, माइकवाले, सगळ्यांचे आभार मानून झाले. कागद संपला, पण ती जागची हलली नाही.

"पाहुण्यांचे विशेष आभार," ती म्हणाली. "त्यांची मुलगी पुण्याला ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. मी चहा देत होते तेव्हा ते प्राचार्य सरांना म्हणाले, पोरगी शिकतो म्हणते तर तिला अडवू नये. भाषणात ते सांगायचं राहिलं, म्हणून मी सांगते."

धनंजयरावांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "पोरीची गोष्ट येगळी हाय," ते पुटपुटले, आणि समोरचा माइक अजून चालूच होता.

फाटकाबाहेर येऊन मधुकरराव थांबले. काजल चपलेनं माती उकरत राहिली.

"कागदावर होतं काय ते?"

"नाई, बाबा."

"चारचौघांत असं बोला लागते?"

रागावतील तर रागावू देत, असं तिला वाटलं आणि भीतीही वाटली.

"त्याची तेवढी पोरगी," मधुकरराव म्हणाले, "अन् माही कोण?"

बसस्टँडकडे जायचं सोडून ते उलटे वळले, कॉलेजच्या ऑफिसाकडे. "चाल. नाव कुठं लिवून घेतेत, दाखव मले."