दरडीवरचा पहारा

दिवाळीच्या तोंडावर सेलूच्या बाया नाल्याच्या दरडीतून पांढरी माती आणायच्या, भिंती पोतारायला. वरवरची माती मळकी, आतली दुधासारखी. म्हणून जी ती थोडं अजून आत कोरायची. पिढ्यान्‌पिढ्या कोरून दरडीच्या पोटात खोलीएवढी खोबण झाली होती. रोजचंच झालं की माणूस मरणाच्या मांडीवरही सुखानं बसतो. डोक्यावर अख्खं वावर लटकत होतं आणि खाली बायांच्या गप्पा रंगायच्या.

श्रीधर नागपूरला भूगर्भशास्त्र शिकत होता. यंदा एम.एस्सी. झाली की मँगनीजच्या खाणीत नोकरी, असं घरात ठरूनच गेलं होतं. सुट्टीत आलेले हे विद्वान त्या सकाळी दरडीवरच्या वावरातून चालले होते. पायाखाली भेग आली, ती ओलांडून पुढं गेले. काळ्या जमिनीत भेगांचं काय कौतुक! पाऊस सरला की सारं वावर तडकतं.

थोडं पुढं गेल्यावर तो थबकला. वावरातल्या भेगा जाळ्यासारख्या सगळीकडं फाटतात. ही एकटीच होती, दरडीच्या काठाकाठानं वळत गेलेली. तो मागं फिरला. भेगेच्या नाल्याकडची जमीन चार बोटं खाली बसली होती. आणि खालून बायांचं हसणं ऐकू येत होतं. त्यात त्याच्या आईचं, रुख्माबाईचंही होतं.

तो धडपडत खाली उतरला. "माय, बाहेर ये! दरड बसून राह्यली!"

"काऊन रे? भेगा त सबन वावरात हायेत," खोबणीतून रुख्माबाई म्हणाली.

शेजारची जयवंता खुदकन हसली. "पोट्टा कालेजात जाऊन भित्रा झाला, वं!"

समजावत बसायला वेळच नव्हता. श्रीधर सरळ आत शिरला आणि आईजवळ फतकल मारून बसला. "मंग मी बी इथंच बसतो."

आता मात्र तिचा चेहरा उतरला. स्वतःसाठी न भ्यालेली बाई लेकासाठी भ्याली. "निंघ आधी, बापू!" तिनं त्याचं मनगट धरलं. "चाला वं बायांनो, सबन निंघा!"

बाया पलीकडच्या काठावर चढतात न चढतात तोच दरड कोसळली. धुळीत कुणाला कुणी दिसेना. श्रीधर लहान लेकरासारखा आईचा पदर धरून उभा होता.

धूळ बसली. खाली पांढऱ्याशुभ्र मातीचा ढीग पडला होता.

"अवं, लक्ष्मीनंच देल्ली!" जयवंता टोपली घेऊन धावली. तिच्यामागं बाकीच्या.

"थांबा!" श्रीधर ओरडला. दरडीच्या उघड्या पडलेल्या काठावरून अजून ढेकळं गळत होती.

"अजून पडन काय रे?" रुख्माबाईनं विचारलं.

"पडन."

"कवा?"

जमिनीखाली काय सापडतं ते त्याला तोंडपाठ होतं. ती कधी कोसळते, हे कुणी शिकवलंच नव्हतं. "मले ठाऊक नाई, माय."

"भिंती त दिवाळीले तशा ठेवता येत नाई," तिनं टोपली उचलली. "तू वरतं उभा राह्य. जमीन हालली त आवाज देजो. तुह्या भरवशावर चाल्ली मी."

खाणीची नोकरी त्यानं मनातून तिथंच सोडली. दरडींत कसलं संशोधन, म्हणून प्राध्यापकांनी त्याला वेड्यात काढलं, पण ते पुढं. आत्ता तो दरडीवर, काठापासून मागं सरून जमिनीवर नजर लावून उभा होता. पापणी लवायचीही भीती वाटून डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खाली आई सावकाश, निवडून निवडून माती भरत होती.