झेंडावाला फोटो

"बाबा, तो फ्लेक्स काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

आकांक्षा अमेरिकेतून फोनवर रडत होती आणि खुशालराव मोर्शीच्या चौकात, आपल्या फुलांच्या दुकानात, झेंडूच्या ढिगापाशी हार करत बसले होते. समोरच्याच खांबावर तो फ्लेक्स ताणून बांधला होता. 'मोर्शीची लेक अमेरिकेत! हार्दिक अभिनंदन!' वर तिचा हसरा फोटो, नाव, कॉलेजचं नाव. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यांतले निम्मे तिला ओळखतही नव्हते.

"कावून वं? चांगला तं आला फोटो."

"मागचा झेंडा उलटा हाय, बाबा!"

खुशालरावांनी मान वर केली. पोरीने घरच्या ग्रुपवर ढीगभर फोटो टाकले होते, त्यांतून त्यांनी मुद्दाम हाच निवडला होता. मागे अमेरिकेचा झेंडा दिसला की पोरगी खरंच तिकडे आहे हे लोकांना पटतं. चांदण्या वर असतात की खाली, हे मोर्शीत कोणाला ठाऊक?

"आमच्या कॉलेजातल्या एका पोराले पकडून नेलं," आकांक्षा सांगू लागली. "परदेशी हाय अन् सरकारविरुद्ध बोलला म्हनून. त्याच्यासाठी आमी मैदानात उभे होतो. मैत्रिणीनं झेंडा उलटा धरला. देश संकटात हाय, हे सांगणं म्हंजेच देशप्रेम, असं तिचं म्हननं. समोरचे वरडत होते, तुमी देशद्रोही. मी नुसती तिच्या बाजूले उभी होती."

"मंग?"

"मंग काय! गुरुजींच्या सागरनं तुमच्या फ्लेक्सचा फोटो नेटवर तिकडच्या लोकांत टाकला. नावागावासकट. माहा व्हिसा जाईन, बाबा. दाराची बेल वाजली तं मी दार उघडत नाई."

कौतुकाच्या भरात आपणच पोरीला चव्हाट्यावर टांगलं होतं. हार तसाच टाकून खुशालराव किसनराव गुरुजींच्या घराकडे धावत सुटले.

किसनराव गुरुजी म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मुलगा सागर टेक्सासात, आता तिकडचा नागरिकच. पूर्वी दर पंधरा ऑगस्टला शाळेत गुरुजी झेंडा फडकवायचे आणि त्याच्या घडीत पाकळ्या बांधायचं काम खुशालरावांचं. एका वर्षी फुलं यायला उशीर झाला, म्हणून गुरुजींनी घाईत आपल्याच हाताने घडी बांधली. दोरी ओढली तर हिरवा वर, केशरी खाली! गावभर बोंब झाली. गुरुजींची नोकरी जायची पाळी आली, तेव्हा खुशालराव पुढे झाले आणि 'म्या बांदला होता' म्हणून मोकळे झाले. हा विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

"गुरुजी, सागरले सांगा, तेवढं काढून टाक म्हना."

"ज्या देशाचं खा लागते, खुशाल, त्याच्या झेंड्याचा मान राखा लागते," गुरुजी म्हणाले.

खुशालराव नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले. गुरुजींची नजर हळूहळू खाली गेली आणि त्यांनी सागरला फोन लावून खुशालरावांच्या हाती दिला.

"काढतो, काका," सागर म्हणाला. "पन आधी तिनं जाहीर लिहावं, का मी चुकली."

"लेकरू हाय रे बावा ते."

"तुमाले काय सांगू काका! माह्या हातात इथला पासपोर्ट हाय, तरी रोज दाखवा लागते का मी यांचाच हाय. आपल्यातली पोट्टी असं करते तं लोक माह्याकडं पायते. माही पोरं इथंच शाळेत जाते."

भीती तिकडे सगळ्यांच्याच घरात शिरली होती, हे खुशालरावांना कळलं आणि ते आणखीच घाबरले.

रस्त्यातच त्यांनी आकांक्षाला फोन लावला. "लिही ना माय, चुकली म्हनून. तुह्या बापाचा जीव ऱ्हायला नाई ठिकाणावर. गुरुजींसाठी म्या नाई का खोटं बोललो?"

"तुमी बोलले ते एका मान्साले वाचवाले, बाबा. मी माफी मागितली तं त्या पकडलेल्या पोराले मीच गुन्हेगार ठरवल्यासारखं होते. तुमी सांगा, चुकली का मी?"

खुशालरावांना हो म्हणायचं होतं. अगदी देवाशपथ म्हणायचं होतं.

"नाई वं माय," ते म्हणाले. "पन दार उघडू नको."

माफी लिहिली गेली नाही, म्हणून सागरची पोस्टही तशीच राहिली.

शेजारच्या दुकानातून शिडी आणून खुशालरावांनी स्वतःच्या हाताने फ्लेक्स उतरवला. झेंडूच्या ढिगावर ऊन आलं होतं. त्यांनी तो ढिगावर पांघरला, पोरीचा चेहरा आतल्या बाजूने करून, आणि कडा नीट खोचल्या.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. बार्शीटाकळीहून लेकीकडे आलेल्या पार्वताबाई, हार न्यायला.

"खुशालभाऊ, पोरगी कुठं असते म्हने तुमची?"

हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून खुशालराव रोज वाट पाहायचे, आणि उत्तर पार बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असं द्यायचे. आज त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"असते बाहेरगावी," ते हळू आवाजात म्हणाले आणि हार पुरा करायला सुई उचलली. दोरा काही केल्या सुईत जाईना.