झिपऱ्या आणि ताणावरची बाग

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात रुपरावानं नागपुरातल्या एका तिबेटी स्वेटरवाल्याकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं, आणि नरखेडजवळच्या त्या संत्र्याच्या बागेत दोघा भावांच्या जुन्या भांडणात आणखी एक काडी पडली. बागेची वाटणी झालेली. उगवतीकडची बाग रुपरावाची, मावळतीकडची धाकट्या चंद्रभानची. विहीर आणि मोटार मात्र सामाईक राहिली. सामाईक वस्तूवर वैर जसं पोसतं, तसं दुसऱ्या कशावर पोसत नाही.

रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता, सुटीपुरता घरी यायचा. बाग सांभाळायची ती त्याच्या बायकोनं, वच्छलानं. मग कुत्राही तिच्याच गळ्यात पडला. दोन वर्षांत तो वासराएवढा झाला. अंगावर केसांचे दोन थर, वर लांब राठ झिपऱ्या आणि आत कापसासारखी लव. नाव पडलं झिपऱ्या. देताना तिबेट्यानं बजावलं होतं, "बाल मत काटना. ठंड भी वही रोकता, धूप भी वही."

थंडीत झिपऱ्या बागेचा राजा असायचा. दवानं ओल्या झालेल्या गवतात खुशाल पसरायचा, आणि जरा पाऊल वाजलं की असा भुंकायचा की संत्राचोर बांधाकडे फिरकत नसत. चंद्रभानचीही फळं त्याच्यामुळे वाचत. पण तसं कबूल करायला चंद्रभानची जीभ कधी वळली नाही.

शिमगा झाला की आतली लव सुटायची. वच्छला रोज फणी घेऊन बसायची, पुंजकेच्या पुंजके निघायचे. वारा ते उचलून थेट चंद्रभानच्या अंगणात, त्याच्या बायकोनं, सुभद्रेनं, वाळत घातलेल्या कुरडयांवर नेऊन टाकायचा. सुभद्रा ते वेचून वच्छलाच्या दारात आणून फेकायची.

"घे वं बाई, तुह्या घरचा कापूस!"

मग वच्छलाही मुद्दाम वारा बघून विंचरायला बसू लागली.

पण खरी कठीण वेळ मे महिन्यात यायची. मृगाच्या बहरासाठी तेव्हा संत्र्याची झाडं ताणावर ठेवतात. पाणी पार तोडायचं, पानं कोमेजू द्यायची. मग पाऊस पडला की झाड फुलांनी लदबदतं. मधेच पाणी मिळालं, तर नुसता पाला फुटतो. वच्छलानं आपल्याही झाडांना थेंब दिला नव्हता. झिपऱ्याचे मात्र ती सकाळी पंजे आणि पोट भिजवायची, आणि दिवसभर त्याला गोठ्याच्या सावलीत बांधायची. एका दुपारी तो दावं तोडून सुटला आणि गारव्यासाठी चंद्रभानच्या झाडाखाली खड्डा उकरून बसला. मुळ्या उघड्या पडल्या.

चंद्रभान तणतणत आला. "वहिनी, तुमच्या अस्वलानं माह्यं झाड उकरलं! नीट बांधून काहून ठेवत नाही?"

"खड्डा बुजवून देईन मी."

"आन् झाड वाळलं तं? आमी झाडाले पाणी देऊन राहिलो नाही, आन् तुमी कुत्र्याले आंघोळ घालता! गर्मी होते नं त्याले? थांबा, मीच करतो इलाज."

तो विष घालील, या धास्तीनं वच्छलानं कुत्र्याला भाकर रोज स्वतःच्या नजरेसमोरच खाऊ घातली. बाजाराच्या दिवशी मात्र तिला नरखेडला जावंच लागलं. एसटीतून उतरून ती घरी आली, तर गोठ्याच्या खांबाला तोंड करकचून बांधलेलं एक गुलाबी, ओंगळ जनावर उभं होतं. क्षणभर तिला ओळखूच आलं नाही. चंद्रभाननं धनगर बोलावून मेंढीच्या कातरीनं झिपऱ्याला कातडीपर्यंत भादरलं होतं. केसांचा ढीग पायाशी पडला होता.

"डोळे काय वटारता?" बांधापलीकडून चंद्रभान म्हणाला. "हलका झाला तो. उपकार माना!"

त्या उन्हात झिपऱ्याची पाठ भाजून निघाली. फोड आले, फुटले, माश्या बसू लागल्या. वच्छला कडुनिंबाच्या पाण्यानं जखमा धुवायची, करंजाचं तेल लावायची. तो दिवसभर घरातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडून कण्हायचा. रुपराव सुटीवर आला, बघून म्हणाला, "केसंच हायेत. येतील पुन्हा." त्या रात्री वच्छलानं नवऱ्याला ताट वाढलं आणि स्वतः झिपऱ्यापाशी जाऊन बसली.

मेच्या अखेरीस चंद्रभान घरच्यांना घेऊन काटोलला लग्नाला गेला. भर दुपारी वच्छलानं मोटार सुरू केली, कुदळ घेतली आणि चंद्रभानच्या बाजूचा पाट फोडला. एकेका झाडाच्या आळ्यात पाणी भरत गेलं. तहानलेली माती चर्र आवाज करत ते पीत होती. शेवटचं आळं भरेपर्यंत ती कुदळीवर हात ठेवून उभी राहिली. तिला फार बरं वाटलं.

परत आल्यावर चंद्रभाननं ओली आळी पाहिली. मग गावाला ऐकू जाईल एवढ्या शिव्या दिल्या. वच्छलानं दार लावून घेतलं.

मृगाचा पाऊस पडला. वच्छलाची बाग पांढरीशुभ्र फुलली. चंद्रभानच्या बागेत नुसता हिरवागार पाला माजला.

एका सकाळी सुभद्रा बांधावर आली. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती.

"बाई, कुत्र्याले त्यानं भादरलं. मी भादरलं होतं का? माह्या पोरीचं, ताराचं, लग्न या बहराच्या पैशावर ठरलं होतं. आता पाहुण्याले काय सांगू?"

तारा वच्छलाच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. वच्छला एक पाऊल पुढे आली, पण तेवढ्यात तिला झिपऱ्याची पाठ आठवली आणि ती पाठमोरी झाली.

ताराचं लग्न मोडलं. दिवाळीपर्यंत झिपऱ्याला केस आले, ते राठ आणि ठिगळासारखे. पाठीचा मधला भाग उघडाच राहिला. थंडीत तो आता बाहेर बसेना, चुलीपाशी कुडकुडायचा.

माघात वच्छलाची संत्री उतरली. तिनं त्यातली निवडून टोपलीभर बाजूला काढली आणि रुपरावाच्या हाती धाकट्याच्या घरी पाठवली. सुभद्रेनं टोपली घेतली, बांधापर्यंत चालत आली, आणि वच्छलाच्या देखत पालथी केली. संत्री बांधावरून दोन्हीकडे गडगडली. कुणीच ती उचलली नाहीत. त्या उन्हाळ्यात रुपरावानं आपल्या हद्दीत वेगळी विहीर खणायला घेतली.