एकतीस पानांची उत्तरे

डार्लीन कोझारचे दोन्ही हात कोपरापर्यंत पंपात होते, तेव्हा फोन वाजला. तिने वाकून नाकानेच बटण दाबले.

"डार्लीन, नील बोलतोय. दोन मिनिटं आहेत?"

"पंप उघडा पडलाय. बोला."

"सिनेटरनी नाव नक्की केलं. जोडीला शेरीफ ड्वायर. आज दुपारी जाहीर करतोय. तुम्ही अगदी शेवटपर्यंत यादीत होतात हं, खरंच."

"बरं. माणूस चांगला आहे का?"

"शहरांच्या कडेच्या वस्त्यांमध्ये त्याच्यामुळे आपली नऊ टक्के मतं वाढतात."

"माणूस चांगला आहे का, ते विचारलं मी."

नील हसला. हा नील फॅरंड सिनेटर हॅलेटच्या प्रचाराचा सूत्रधार. ओहायोत गव्हर्नर व्हायचे, तर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत उतरतानाच लेफ्टनंट गव्हर्नरचेही, म्हणजे उपगव्हर्नरचेही नाव सोबत द्यावे लागते. हॅलेट राजधानीतला, आणि नदीकाठच्या जिल्ह्यांत त्याला कुत्रेही ओळखत नव्हते. म्हणून नाताळानंतर नीलने टॅनर्सबर्गच्या महापौर असलेल्या डार्लीनला गाठले होते. महापौर म्हणजे महिन्यातून दोन सभा. बाकी एकवीस वर्षे डार्लीन गावाच्या पंपघरात नोकरी करत होती. पुराच्या वेळी ती अकरा दिवस तिथेच राहिली आणि गावाचे पाणी एक ताससुद्धा तुटू दिले नाही. त्या दिवसांतला तिचा एक फोटो कुणीतरी नीलला दाखवला होता.

निवड झाली नाही याचे तिला फारसे वाईट वाटले नाही. तिने पंपाचे सील बसवले, बोल्ट आवळले, हात धुतले.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली.

'महापौर कोझार यांचे नाव का मागे पडले?' असा मथळा. प्रचाराच्या आतल्या एका माणसाने नाव न सांगण्याच्या अटीवर म्हटले होते की, बाई कष्टाळू आहेत, पण घरची बाजू नाजूक आहे. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाला त्यांनीच पोलिसांच्या हवाली केले होते.

डार्लीनने ते वाक्य पंपघरात उभ्याने वाचले आणि जवळच्या लोखंडी टेबलाची कड धरली.

हे तिने आयुष्यात फक्त एकदा सांगितले होते. जानेवारीत, कोलंबसच्या एका वकिलाच्या ऑफिसात. एकतीस पानांची प्रश्नावली होती. कर भरले का, नवरा कशाने गेला, कुठली औषधे घेता. शेवटी वकीलबाई पेन खाली ठेवून म्हणाली होती, "आणखी काही? विरोधकांच्या हाती लागेल असं? हे या खोलीबाहेर जाणार नाही." नील शेजारीच बसला होता. आणि डार्लीनने सांगितले. तिचा मुलगा वेड तेव्हा नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता. दोनदा ती न्हाणीघराचे दार फोडून आत शिरली होती. दोन्ही वेळा त्याचे ओठ निळे पडलेले. मग त्याने पंपघरातलीच तांब्याची तार चोरून विकली, आणि तिने आपल्या जिल्ह्याच्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या ऑफिसला फोन केला. तिसऱ्या वेळी दार फोडायला उशीर झाला असता. तुरुंगात निदान जिवंत राहील, एवढाच तिचा हिशेब. वेड अठरा महिने आत राहिला, सुधारून बाहेर आला, टायरच्या दुकानात कामाला लागला. फोन कुणी केला, हे त्याला कधीच कळले नव्हते. त्याचा संशय तिच्याबरोबर काम करणाऱ्या म्हाताऱ्या रॉय टॅकेटवर होता.

दुपारी वेड पंपघरात आला. दुकानाचा निळा शर्ट अंगावर, हात काळे. पेपर त्याने आणला नव्हता.

"खरं आहे?"

"हो."

"तू केलास फोन."

"वेड, तू मेला असतास रे—"

"ते मला माहितेय!" तो ओरडला. "मी असतो तर मीही केला असता. तो प्रश्नच नाही, आई. रॉयच्या गाडीची काच मी फोडली होती. इथे, या दारात. तू बघत होतीस. तो बिचारा काही न बोलता झाडू घेऊन काचा गोळा करत बसला."

डार्लीनची नजर दाराकडे गेली.

"त्याला माहीत होतं?"

"होतं. तोच म्हणाला, राहू दे. पोराला कुणाचा तरी राग येऊ दे, तुझा नको."

"आणि तो मेला. मी त्याच्या मातीलाही गेलो नाही." वेडने हाताच्या पाठीने नाक पुसले. "मला नाही सांगितलंस. आणि सूटबूटवाल्या परक्या लोकांना सांगितलंस. कशासाठी? तर तुझं नाव पाटीवर लागावं म्हणून."

तो गेला. तो खोटे बोलला असता तर तिला भांडता आले असते. एकही शब्द खोटा नव्हता.

शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पक्षाचा सकाळचा नाश्ता होता. पॅनकेक, सॉसेज, दोनशे माणसे. हॅलेट भाषणाला यायचा होता आणि त्याची ओळख करून द्यायचे काम महापौर म्हणून डार्लीनकडे आधीच ठरले होते. ती येणार नाही, असे सगळ्यांना वाटत होते. ती आली. मागच्या बाजूला, बंबापाशी, तिने हॅलेट आणि नील दोघांना गाठले.

"कुणी सांगितलं पेपरला?"

"आम्ही त्याची चौकशी करतोय," नील म्हणाला.

"नील, त्या खोलीत तिघं होतो. वकीलबाई, मी आणि तू."

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. फरक नीलच्याही लक्षात आला. त्याने हॅलेटकडे पाहिले आणि आवाज उतरवला.

"हे बघा, ड्वायर महिनाभर आढेवेढे घेत होता. हे द्या, ते द्या. त्याला दुसरं कुणीतरी पुढे दिसायला हवं होतं. तुमचं नाव बाहेर आलं आणि दोन दिवसांत तो हो म्हणाला. पण मग पत्रकार मागे लागले, बाईंना का डावललं म्हणून. काहीतरी कारण द्यावं लागलं. डावपेच असतात हे. त्यात व्यक्तिगत काही नाही."

"म्हणजे मला घ्यायचंच नव्हतं."

नील बंबाच्या चाकाकडे पाहू लागला.

"मग एकतीस पानं कशाला भरून घेतलीत? नुसतं नाव वापरायचं होतं, तर नाव वापरायचं होतंत! माझ्या पोराला कशाला हात घातलात?"

"डार्लीन," हॅलेट म्हणाला. आवाज मऊ, हात तिच्या खांद्याकडे निघालेला. ती मागे सरकली. "मला मनापासून वाईट वाटतं. काही करू शकत असेन तर सांगा."

"सांगते. टायरचं दुकान इथून तीन चौक पुढे आहे. वेड आत्ता तिथेच आहे. चला, आणि त्याच्या तोंडावर सांगा की हे तुमच्या माणसानं केलं."

हॅलेटने घड्याळाकडे पाहिले. एक क्षणच, पण पाहिले.

"साडेदहाला पुढच्या जिल्ह्यात पोचायचंय," नील म्हणाला.

डार्लीन वळली आणि सरळ माइकपाशी गेली. शेडमधले काटे-चमचे थांबले. तिने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

"सिनेटर हॅलेट यांची ओळख करून द्यायला मला सांगितलंय," ती म्हणाली. "माझी त्यांच्याशी खरी ओळख आत्ता पाच मिनिटांपूर्वी झाली. ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही."

ती खाली उतरली. कुणी टाळी वाजवली नाही, आणि ती दाराबाहेर पडेपर्यंत कुणी घासही उचलला नाही. मग हॅलेट स्वतःच माइकपाशी गेला आणि नदीकाठच्या कष्टाळू माणसांबद्दल वीस मिनिटे बोलला.

मे महिन्यात तो प्रायमरी जिंकला. टॅनर्सबर्गमध्येसुद्धा चाळीस मतांनी पुढे होता. ज्यांनी त्या दिवशी घास खाली ठेवला होता, त्यांच्यातल्याच कित्येकांनी त्याला मत दिले असणार, आणि दुकानात भेटल्यावर ते डार्लीनला हवापाण्याच्या गोष्टी सांगत. एक बाई तर म्हणाली, "जाऊ दे ग, राजकारणात चालायचंच." डार्लीनने हातातली टोपली तिथेच जमिनीवर ठेवली आणि ती काही न घेता बाहेर पडली.

वेड फोन उचलत नव्हता. चार महिने.

जूनमध्ये तिच्या गाडीचा पुढचा टायर फाटला. गावात टायरचे दुकान एकच. ती गाडी हळूहळू तिथवर घेऊन गेली आणि कडेच्या बाकावर बसून राहिली. वेड बाहेर आला, गाडी ओळखली, क्षणभर थांबला आणि जॅक लावायला वाकला. नवा टायर चढवला. न सांगता बाकीच्या तिन्हींची हवा तपासली, मागचा एक घासलेला होता त्याची पुढच्याशी अदलाबदल केली. खूप वेळ लागला. त्याने घाई केली नाही.

मग तो हात पुसत तिच्यासमोर आला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "पन्नास मैल झाले की नट पुन्हा आवळून घ्या."

घ्या म्हणाला. जन्मात कधी त्याने तिला अहो-जाहो केले नव्हते.

"कुठे आवळून घेऊ?"

वेडने हातातला फडका खिशात कोंबला. "इथेच," तो म्हणाला. "आम्ही सहापर्यंत उघडे असतो."

डार्लीन गाडीत बसली. पंपघर डावीकडे होते. तिने मैलांचा आकडा पाहून ठेवला, गाडी उजवीकडे घेतली आणि नदीच्या रस्त्याला लागली. पंचवीस मैल जायचे, पंचवीस यायचे. दुपारचे दोन वाजले होते.