नवरीची फियाट

आमच्या घरातली प्रत्येक नवरी चर्चला फियाटमधून जाते, आणि गाडीत बसते ती गॅरेजमध्येच. वाकोल्याच्या गावठाणातली आमची गल्ली एवढी चिंचोळी, की गाडी बाहेर काढली की दरवाजे उघडायला जागा उरत नाही. म्हणून माझी मुलगी डेल्फिन तिच्या लग्नाच्या रविवारी दुपारी अंधाऱ्या गॅरेजमध्येच, गाऊनचा तो सगळा पसारा सावरत मागच्या सीटवर बसली. बाहेर बँडवाले ताटकळले होते.

गाडी माझ्या सासऱ्यांची, इसिडोर डॅडींची. ते गेल्यापासून माझ्या नवऱ्याने, व्हर्ननने, तिचं चर्चमधल्या वेदीसारखं अल्तार करून टाकलं होतं. रोज पुसायची, पण डॅडींच्या हातचं काही बदलायचं नाही. तरी मुलीच्या लग्नात बंद पडली तर नाक कापलं जाईल, म्हणून यूट्यूब बघून त्याने ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि प्लगला जास्त वीज देणारी जोरदार कॉईल बसवली. कॉईल दमदार, म्हणून जिच्यात ठिणगी उडते ती प्लगच्या टोकाची फटही वाढवली. डॅडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवायचे, याने जवळजवळ दुप्पट केली.

"मोठा गॅप, मोठा स्पार्क," तो म्हणाला होता. "बघ, कशी झकास पळते!"

प्लगला जाणाऱ्या वायरी मात्र जुन्याच ठेवल्या. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून डॅडींनी स्वतःच्या अक्षरात आकडे घातले होते, ते काढायला याचा जीव होईना. मेल्या माणसाचं अक्षर जपायला गाडीच मिळाली याला. पण घरात आधीच मुलगी जाणार म्हणून रडारड चालली होती, मी विषय सोडला.

व्हर्ननने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, अडखळलं, खोकलं. आवाज ऐकून बाहेर बँडने दणक्यात सुरुवात केली. मी गाडीच्या तोंडाशी उभी होते, आणि मला पेट्रोलचा वास आला. गाडीतलं मला फार कळत नाही, पण वास कळतो.

मी बॉनेट उचललं.

आतल्या अंधारात एका वायरीला भेग पडली होती आणि तिच्यातून निळी ठिणगी शेजारच्या लोखंडावर उडत होती. टिक, टिक, टिक. तिच्यापासून वीतभरावर पेट्रोलचा पाईप होता, आणि त्याचा जोड ओला दिसत होता.

"बंद कर!" मी ओरडले. बँडच्या दणदणाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. वर केलेल्या बॉनेटमुळे व्हर्ननला मी दिसतही नव्हते. गाडी अडखळतेय म्हणून त्याने ॲक्सिलरेटर दाबला, तशा ठिणग्याही भराभर उडायला लागल्या.

आणि मला आठवलं, मागचे दरवाजे आतून उघडत नाहीत. आतली हँडलं कधीचीच तुटलीत, डॅडींच्या वेळेपासून. आम्ही त्यावर हसायचो, नवरी पळून जाऊ नये म्हणून असं म्हणायचो. आत माझी पोर, अंगावर गुंडाळलेली गाऊनची ती सगळी जाळी. जाळीला पेटायला किती वेळ लागतो?

कशी पोचले ते माहीत नाही. व्हर्ननच्या खिडकीतून हात घालून मी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

डेल्फिनला आधी बाहेर काढलं. व्हर्ननने वाकून वायर बघितली, आणि त्याच्या तोंडाचा रंगच उडाला. पेट्रोलच्या पाईपचा जोड आवळून, पुसून त्याने कोरडा केला. मग फडक्याने धरून गरम प्लग काढले. एकेक जमिनीवर हलकेच ठोकून, फटीत माप घ्यायच्या गेजची पाती सरकवून त्याने ती डॅडींच्या मापावर आणली.

"फट मोठी होती ना, म्हणून स्पार्क आत उडायला कंटाळला आणि भेगेतून बाहेर पळाला," तो म्हणाला. "आता गॅप कमी केलाय. आता नाही पळणार बाहेर."

"आणि वायर?"

"आज दुकानं बंद आहेत गं. टेप गुंडाळलीय. चर्च काय, दोन मिनिटांवर तर आहे."

बाहेरून कुणीतरी फादर वाट बघतायत म्हणून ओरडलं. व्हर्नन गाडीत बसला. डेल्फिन गाऊन उचलून दरवाज्यापाशी आली, तसं मी तिला बाजूला सारलं. मी स्वतः मागच्या सीटवर बसले आणि तिला म्हटलं, "दार लाव."

"मम्मा, वेडी झालीस का?"

"लाव म्हणते ना!"

दार लागलं. समोरच्या आरशात मला व्हर्ननचे डोळे दिसत होते.

"कर चालू," मी म्हटलं.

त्याने किल्ली धरली. बराच वेळ नुसती धरूनच बसला.

"सेलिना," तो म्हणाला, "तू आधी उतर."

मी बाहेर उभ्या डेल्फिनकडे बघितलं. तो खाली उतरला, मागे आला आणि त्याने बाहेरून माझं दार उघडलं.

आम्ही चालत निघालो. पुढे बँड, मागे आख्खं गावठाण, आणि मधे गाऊन गुडघ्यापर्यंत उचललेली नवरी. शेजारच्या तेरेसा आंटीने खिडकीतून विचारलंच, "काय रे व्हर्नन, डॅडीची गाडी कुठाय? बंद पडली?"

मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार. बंद पडली म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही आंटी, चालू आहे," व्हर्नन म्हणाला. त्याने डेल्फिनचा हात घट्ट धरला. "मला भीती वाटली."