साध्या टाकीचा नळ

मासेताईला खरं नाव होतं, पण प्रयोगशाळेत ते फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातून आणलेले मासे ती चार वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती. एका टाकीत साधं खारं पाणी, दुसरीत खाणींच्या सांडपाण्यातून समुद्रात उतरणारे तांब्यासारखे धातू, थेंबाथेंबाने मोजून घातलेले. धातूंमुळे माशांची वीण बिघडते का, एवढाच प्रश्न. मासे वर्षातून एकदाच अंडी घालणारे, तीही उपकार केल्यासारखी. पहिली तीन वर्षं तर त्यांनी तेवढाही उपकार केला नाही.

यंदा अखेर घातली. दोन्ही टाक्यांत सारखीच: मोजकी, मऊ, पांढरी पडलेली.

संचालकसाहेब खूश झाले. "दोन्हीकडे सारखंच ना? मग धातूंचा परिणाम शून्य. लिहा आणि मोकळ्या व्हा. शुक्रवारी अहवाल गेला की विभाग बंद."

"पण साहेब, साध्या टाकीतली अंडी का खराब व्हावीत?"

"थंडी बाधली असेल."

बर्फात जन्मलेल्या माशांना थंडी बाधली, हे ऐकून मासेताई सरळ टाकीकडे वळली. तिने साध्या टाकीतलं पाणी तपासलं. तांबं निघालं, चांगलं घसघशीत. मग तिने नळजोडणीवाल्या मामांना गाठलं.

"माझ्याकडे काय बघता ताई?" मामा आधीच उखडले. "सहा महिन्यांपूर्वी पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, प्लास्टिकचा नळ दरिद्री दिसतो, पितळी लावा. दुसऱ्या टाकीवर विषाची पाटी आहे, तिकडे पाहुणे फिरकत नाहीत, म्हणून ती वाचली."

"अहो मामा, खारं पाणी पितळ खातं! त्यातलं तांबं टाकीत उतरतं."

"मग तसं लिहून चिकटवायचं ना. मी नळ बघतो, समुद्र नाही."

मासेताई साहेबांशी भांडायचं ठरवूनच गेली होती. पण त्यांच्या खुर्चीमागची भिंतभर मानपत्रं पाहिली आणि तिने सूर बदलला.

"साहेब, आम्ही चार वर्षं मोजूनमापून धातू घातले. तुमच्या एका नळाने तेच काम सहा महिन्यांत केलं."

साहेबांनी चष्मा काढला. "माझ्या नळाने?"

"अहवालात ते लिहावं लागेलच. एवढ्याशा पितळेनंही वीण बिघडत असावी. पण पक्कं म्हणायला आणखी एक हंगाम हवा. साध्या टाकीला प्लास्टिकचा नळ लावून."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. नाचक्की आणि शोध यांच्यातलं अंतर बहुधा मनातल्या मनात मोजत होते.

"म्हणजे सुरुवात माझ्यापासून झाली म्हणायची."

"माशांचं तरी तसंच मत आहे."

मुदत मिळाली. सही करताना साहेबांनी एवढंच विचारलं, की अहवालावर आपलं नाव पहिलं येईल ना.

पुढच्या हंगामात साध्या टाकीतल्या माद्यांनी भरभरून अंडी घातली, टपोरी, काचेसारखी. धातूंच्या टाकीत निम्मीही नव्हती, आणि होती ती मऊ. मासेताईने पुन्हा पुन्हा मोजलं. ती बरोबर ठरली होती. आनंदाने उडी मारणार, तोच बरोबर ठरणं म्हणजे खाणींजवळच्या समुद्रातही हेच चाललं असणार, हे तिच्या ध्यानात आलं, आणि मऊ अंड्यांच्या टाकीसमोर ती जराशी ओशाळून उभी राहिली.